चढावर पेटणारा दिवा

माझ्या सासऱ्यांची उभी नोकरी लिफ्ट दुरुस्त करण्यात गेली. या कामात स्वतःचं डोकं चालवायला सक्त मनाई असते. कंपनीने जो स्क्रू जिथे दिलाय, तो तिथेच आणि तेवढाच पिळायचा. वर तपासनीस येणार, बघणार, सही करणार. बाबांना (मीही त्यांना बाबाच म्हणतो) रोज दिसायचं की हा दरवाजा असा न सरकता तसा सरकला असता तर किती बरं झालं असतं. पण हात लावायची सोय नव्हती. मग दिवसभर मनात दाबून ठेवलेल्या सुधारणा ते संध्याकाळी घरी घेऊन यायचे, आणि त्या सगळ्या घरावर निघायच्या.

गल्लीत त्यांना ‘सुधारक’ म्हणत. पाठीमागे म्हणत, पण त्यांना ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं.

मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा बेल वाजवली, तर ती आत वाजायच्या ऐवजी माझ्याच कानाशी वाजली. आलेल्या माणसाला बेल वाजल्याची खात्री पटावी म्हणून ही सोय होती. आत वाजायची सोय पुढच्या आठवड्यात होणार होती. स्वयंपाकघरातला नळ पायाने दाबायचा होता, म्हणजे हात मोकळे राहतात. हात मोकळे राहायचे खरे, पण सासूबाई एका पायावर उभं राहून भांडी घासायच्या. कपडे वाळत घालायची दोरी लिफ्टसारखी दुसऱ्या टोकाला वजन बांधून केलेली होती. ओले कपडे जड, म्हणून दोरी खाली. कपडे वाळून हलके झाले की दोरी आपोआप वर जायची. त्यामुळे कपडे वाळले हे घरबसल्या कळायचं. फक्त ते छताला चिकटलेले असायचे, हाताला लागायचे नाहीत.

“काढायला स्टूल घ्यायचं,” बाबा म्हणायचे. स्टूलही त्यांनीच सुधारलेलं होतं, म्हणून त्यावर कोणी चढत नसे.

सासूबाई या सगळ्यात शांत असायच्या. त्यांचा स्वतःचा धंदा होता, रोपवाटिकेचा. घराला लागून मोकळी जागा होती, तिथे त्या रोपं वाढवायच्या आणि ऑफिसांना, दवाखान्यांना, नव्या घरांना कुंड्या पुरवायच्या. वाटिकेच्या फाटकातून बाबांनी पक्कड घेऊन आत यायचं नाही, एवढा एकच नियम त्यांनी घातला होता. ट्रक घ्यायची वेळ आली तेव्हा मात्र तो कामाला आला नाही, कारण ट्रक फाटकाबाहेर उभा राहायचा.

ट्रक छोटा आणि जुना होता, सासूबाईंच्या धाकट्या भावाने शोधून दिलेला. या मामांचं गावाच्या टोकाला गॅरेज आहे. माणूस कमी बोलणारा. ट्रक देताना ते बाबांना एवढंच म्हणाले, “भाऊजी, चालतोय. चालू द्या.”

बाबांनी ऐकून घेतलं. त्या वेळी ते नुकतेच निवृत्त झाले होते. आता तपासनीस नव्हता, सही नव्हती, आणि समोर अख्खा ट्रक उभा होता.

आधी त्यांनी हौदा खाली घेतला, म्हणजे कुंड्या उचलाव्या लागू नयेत. मग मागच्या फाळक्याचा एक पाळणा केला. बटण दाबलं की तो कुंड्यांसकट वर जायचा. इथपर्यंत सगळं छान झालं. सासूबाईंची कंबर वाचली आणि त्यांनी चारचौघांत बाबांचं कौतुकही केलं. ते कौतुक फार महागात पडलं. बाबांना वाटलं, आता इंजिन.

कुठल्याशा भंगारात गेलेल्या गाडीचं मोठं इंजिन त्यांनी मिळवलं आणि दोन ओळखीचे फिटर धरून ते ट्रकमध्ये बसवलं. बसेना. इंजिनाच्या पोटाशी तेल साठवायचं जे चेंबर असतं, ते पुढच्या बाजूला खोल होतं आणि ट्रकच्या पुढच्या आसावर आपटत होतं. बाबांनी चेंबर कापलं, पुढून उथळ केलं, मागून खोल केलं आणि वेल्डिंग करून परत जोडलं. इंजिन अलगद बसलं. डिपस्टिक, म्हणजे तेल किती आहे ते बघायची पट्टी, मागच्या खोल भागात जात होती. ती बाहेर काढून बाबांनी मला दाखवली. तेल बरोबर वरच्या खुणेला.

“तेवढंच तेल, फक्त जागा बदलली,” ते म्हणाले. “याला म्हणतात विचार.”

ट्रक सासूबाईच चालवायच्या. बाबांना गाडी चालवायला कंटाळा येतो, कारण चालवताना हात अडकलेले राहतात. पहिल्याच आठवड्यात सासूबाई एका दवाखान्यात कुंड्या पोचवून आल्या आणि म्हणाल्या, “अहो, तेलाचा लाल दिवा पेटला होता.”

“कुठे?”

“दवाखान्याच्या चढावर.”

“दिवा खराब असेल,” बाबा म्हणाले. स्वतः जोडलेलं इंजिन आणि कंपनीने जोडलेला दिवा, यांत संशय कुणावर घ्यायचा हे उघड होतं. त्यांनी दिवा बदलला, दिव्याला खबर देणारा सेन्सर बदलला, घरासमोरच्या सपाट रस्त्यावर ट्रक चालू करून बघितला. दिवा पेटला नाही. “झालं,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सासूबाई पुलावरून आल्या आणि पायातल्या चपला काढत म्हणाल्या, “पेटला.”

मग बाबांनी दिव्याचा नाद सोडून सरळ प्रेशर मोजायचं ठरवलं, आणि हे त्यांनी शहाणपणाचं केलं. लिफ्टच्या कामातलं जुनं प्रेशरचं घड्याळ त्यांच्याकडे होतं, चांगलं बशीएवढं. इंजिनापासून नळी काढून त्यांनी ते केबिनमध्ये आणलं. बसवायला जागा नव्हती, म्हणून ते बाजूला बसणाऱ्याच्या मांडीवर ठेवायचं. ट्रक उभा असताना काटा ताठ. “बघ, कसा उभाय,” बाबा म्हणाले.

सासूबाईंनी ट्रक पुलावर घेतला. अर्ध्या चढावर काटा हळूहळू आडवा पडला, आणि लाल दिवा पेटला. म्हणजे दिवा बिचारा पहिल्यापासून खरं बोलत होता.

“मी सांगत होते, चढावरच होतं,” सासूबाई म्हणाल्या.

“चढावर सगळेच दमतात,” बाबा म्हणाले. “माझं प्रेशर बघ चढावर.”

हे ते गमतीने म्हणाले नव्हते. लिफ्टवाल्या माणसाच्या डोक्यात वर जाणं म्हणजे ओझं. ओझं पडलं की पंप दमतो, हा त्यांचा सरळ हिशेब होता. म्हणून त्यांनी आधी जाड तेल घातलं. मग फिल्टर बदलला. मग तेलाचा पंपच नवा आणला आणि बसवला, आणि बसवताना चेंबर उतरवून परत चढवलं. प्रत्येक वेळी घरासमोर सपाटीवर काटा ताठ. प्रत्येक वेळी “झालं”. आणि प्रत्येक वेळी सासूबाई संध्याकाळी दारातून आत येत फक्त “पेटला” म्हणत. पुढे पुढे त्या तेवढंही बोलेनाशा झाल्या. आल्या की ओट्यावरच्या दिव्याचं बटण एकदा दाबायच्या आणि सोडायच्या. बाबा न बोलता हत्यारांची पेटी उचलायचे.

“मामाला विचार ना,” माझी बायको त्यांना म्हणाली.

“त्याच्या गॅरेजवरची पाटी वाचलीस?”

पाटी सगळ्यांनीच वाचली होती. ‘घरी सुधारलेल्या गाड्यांचं काम घेत नाही.’ ट्रकमध्ये इंजिन बसवल्याची बातमी मामांच्या कानावर गेली त्याच आठवड्यात ती लागली होती. रंगही ओला होता.

त्यानंतर बाबांनी जे केलं त्याने घरात खरी अशांतता आली. लिफ्टमध्ये काही बिघडलं तर ती आधी थांबते, विचार नंतर करते. बाबांनी तीच सोय ट्रकला केली. तेलाचं प्रेशर पडलं की आधी घंटी वाजणार, लिफ्टमधली असते तशी, आणि लगेच इंजिन आपोआप बंद.

“चालत्या गाडीत?” मी विचारलं.

“बंद पडलं तर परत चालू करता येतं, जावईबापू. जळलं तर नाही.”

त्यानंतर सासूबाई गावभर थांबत थांबत फिरू लागल्या. पुलावर घंटी वाजली की मागची माणसं आपोआप बाजूला व्हायची. एका फळवाल्याने तर घंटी ऐकून वजनाचा काटा खाली ठेवला आणि ट्रक ढकलायला आला, इतकी त्याला सवय झाली होती.

अशात टेकडीवरच्या वाचनालयाचं काम आलं. नवी इमारत, समोर मोठ्या कुंड्या हव्या होत्या. वाचनालयाला जायचा रस्ता एकच, आणि तो पहिल्यापासून शेवटपर्यंत चढ. सासूबाईंनी मला सुट्टी काढायला लावली. बाबा मांडीवर घड्याळ घेऊन मध्ये बसले, मी खिडकीशी. माझ्या पायाशी एक शोभेचं झाड होतं, त्याची पानं माझ्या नाकात जात होती.

पहिल्या वळणापर्यंत काटा उभा होता. वळणानंतर तो ओणवा झाला. घंटी वाजली, इंजिन बंद. सासूबाईंनी हँडब्रेक ओढला, मग ब्रेकवर पाय ठेवून ट्रक हळूहळू मागे, खाली सोडला. खाली येऊन चालू केला, परत निघाल्या. त्याच वळणावर तीच घंटी.

“पंप नवा आहे,” बाबा घड्याळाकडे बघत म्हणाले. “तेल नवं आहे. फिल्टर नवा आहे.”

“माणसं तेवढी जुनी राहिलीत,” सासूबाई म्हणाल्या.

पुन्हा खाली आलो. वाचनालयाचा शिपाई वरून कठड्यापाशी येऊन उभा राहिला होता. आपल्या कुंड्या येतात आणि जातात हे तो लक्षपूर्वक बघत होता. सासूबाईंनी स्टिअरिंगवर बोटं वाजवली आणि एकदम ट्रक वळवला.

“घरी?” मी आशेने विचारलं.

“उलटी नेते,” त्या म्हणाल्या. “वाटिकेच्या उतरणीवर मी रोज मागे मागे चढवते. तेव्हा कधी वाजली नाही मेली घंटी.”

मान खिडकीबाहेर काढून त्यांनी रिव्हर्स टाकला. ट्रक पार्श्वभाग वर करून टेकडी चढू लागला. मी आयुष्यात अनेक ठिकाणी गेलोय, पण पाठमोरा असा कुठे गेलो नव्हतो. समोरच्या काचेतून गाव हळूहळू खाली जात होतं. एक सायकलवाला आमच्या तोंडाकडे बघत बघत आमच्या मागोमाग चढत होता, आणि कितीही चढला तरी आम्ही समोरासमोरच राहत होतो. शेवटी त्याने संकोचाने नमस्कार केला. मीही केला.

घंटी वाजली नाही. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. मी बाबांकडे पाहिलं. काटा ताठ होता, आणि बाबा गप्प होते. बाबा गप्प असण्याचा हा प्रकार मला नवीन होता. एरवी ते गप्प असले तरी हाताची बोटं काहीतरी पिळत असतात. आता बोटंही थांबली होती.

वर पोचल्यावर ते उतरले, हौद्यातून कुंडीखालची एक प्लास्टिकची ताटली काढली, वाचनालयाच्या नळावर तिच्यात बोटभर पाणी घेतलं आणि पायरीवर बसले. ताटलीच्या एका कडेला त्यांनी बोट बुडवलं. ती कडा वर उचलली. पाणी दुसऱ्या कडेला गेलं आणि बोट कोरडं पडलं. ताटली उलट कलवली. बोट बुडालं. असं त्यांनी बरेचदा केलं. शिपाई माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, “यांना बरं नाही का?”

“तेल मागे जातंय,” बाबा म्हणाले.

आम्ही जवळ गेलो. ते ताटलीशीच बोलत होते. “सगळं तेल मागच्या खोल भागात. पंप तेल ओढतो ती नळी पुढे, उथळ भागात. सपाटीवर नळीचं तोंड जेमतेम बुडतं. चढाला लागलं की तेल मागे, आणि तोंड कोरडं. पंप काय ओढणार, हवा? आणि पट्टी मागे घालून बघतोय, ती तर भरलेलीच दाखवणार.” ते थांबले. मग वर बघून अगदी मनापासून म्हणाले, “ज्याने हे चेंबर केलं ना, तो गाढव आहे.”

“तुमच्या ओळखीचा आहे का?” सासूबाईंनी विचारलं.

बाबांनी ताटलीतलं पाणी एका कुंडीत ओतलं आणि पायरीवरून उठले. टेकडी उतरताना ट्रकचं तोंड खाली होतं, तेल पुढे होतं, काट्याने कुरकुर केली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही मामांच्या गॅरेजवर गेलो. बाबा पाटीकडे न बघता आत शिरले, जणू ती तिथे नव्हतीच. मामा एका गाडीखालून बाहेर आले, हात पुसले, बहिणीकडे बघितलं, मग तिच्या नवऱ्याकडे.

“चेंबर उतरवायचंय,” बाबा म्हणाले. “तेल ओढायची नळी मागे न्यायचीय. बेअरिंग पण बघून घे, बरेच दिवस कोरडं फिरलंय.”

“काय झालंय ते मी शोधायचं असतं ना?” मामा म्हणाले.

“शोधलंय.”

मामांनी खुर्ची आणून ठेवली. “मग बसा, भाऊजी. हत्यार उचलायचं नाही.”

बाबा बसले. हात मांडीखाली दाबून बसले, शाळेत बसतात तसे. मामांनी तेल काढलं, चेंबर उतरवलं आणि उजेडात धरून आतून बाहेरून फिरवलं. फार वेळ फिरवलं.

“कोणी केलं हे?”

“होता एक,” बाबा म्हणाले.

“आणि वेल्डिंग?”

“तेही त्याचंच.”

मामांनी जोडावरून अंगठा फिरवला. “थेंबभर गळत नाही कुठे. हात चांगला आहे याचा. डोकं तेवढं...”

“डोकंही चांगलं आहे,” सासूबाई मध्येच म्हणाल्या. त्या दारात उभ्या होत्या. “जरा जास्त आहे, एवढंच.”

बाबांनी बायकोकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांचं वकीलपत्र कुणी असं घेतलं नसावं. त्यांनी मांडीखालचे हात काढून मांडीवर ठेवले.

मामांनी बेअरिंगची टोपणं काढून नखाने चाचपली. आम्हाला वाटलं, आता मोठा खर्च निघणार. मामांनी टोपणं परत लावली. “काही झालं नाहीये. इंजिन वेळेवर बंद होत होतं म्हणून वाचलंय. नाहीतर एक दिवस पुलावरच जळून गेलं असतं.” मग नाइलाजाने, दात काढून घ्यायला बसलेल्या माणसासारखं तोंड करून त्यांनी पुढचं वाक्य काढलं. “ती घंटी ठीक आहे.”

नळी लांब करायची म्हणजे बारीक वेल्डिंगचं काम होतं. मामा दुरुस्तीत हुशार, पण त्यांचं वेल्डिंग म्हणजे शेणाच्या गोवऱ्या थापल्यासारखं, हे ते स्वतःच सांगतात. त्यांनी नळी कापली, मापून मागच्या खोल भागापर्यंतचा तुकडा तयार केला, वेल्डिंगचा मुखवटा हातात घेतला, थोडा वेळ त्याच्याकडे बघितलं आणि खुर्चीपाशी नेऊन बाबांच्या पुढे धरला.

“माप माझं,” ते म्हणाले. “एक सूतही इकडेतिकडे नाही.”

“नाही,” बाबा म्हणाले.

“नळीच्या तोंडाची जाळी जशी आहे तशी.”

“जशी आहे तशी.”

बाबांनी मापाबरहुकूम वेल्डिंग केलं. मध्ये एकदा त्यांचा हात थांबला, नळीला आधाराची एक पट्टी हवी असं त्यांच्या डोक्यात आलं असणार. मामा नुसते खाकरले. हात पुढे सरकला. काम झाल्यावर मामांनी नळी हलवून बघितली, परत हलवली, आणि स्वतःच म्हणाले, “इथे एक आधाराची पट्टी पाहिजे, नाहीतर हादऱ्याने तुटेल.”

“हो का,” बाबा म्हणाले आणि खिशातून ती पट्टी काढून दिली. ती त्यांनी कधी कापली होती, हात मांडीखाली असताना कशी कापली, हे आम्हाला आजवर कळलेलं नाही. मामांनी ती उलटीसुलटी करून बघितली. बरोबर मापाची होती.

संध्याकाळ व्हायच्या आत ट्रक उभा राहिला. डिपस्टिकवर मामांनी नवी खूण केली आणि मग सगळेच टेकडीवर निघालो. वाचनालयाच्या उरलेल्या कुंड्या हौद्यात होत्या, मामा कुंड्यांबरोबर मागे उभे होते. बाबा परत घड्याळ मांडीवर घेऊन मध्ये. या वेळी ट्रक सरळ तोंडाने चढत होता आणि गाव जिथे असायला हवं तिथे, मागे राहत होतं.

वळण आलं. काटा हलला नाही.

“थांब,” बाबा म्हणाले.

“इथे? चढावर?”

“थांबव तर.”

सासूबाईंनी हँडब्रेक ओढला. नाक वर करून ट्रक उभा राहिला, इंजिन चालू. मागून एका गाडीने हॉर्न दिला, मग दुसरीने. बाबा काट्याकडे बघत होते. काटा होता तिथेच होता, जरा कंप पावत. मला वाटलं ते हसतील, निदान “झालं” तरी म्हणतील. ते नुसते बघत राहिले. नवं काही बिघडलेलं नाही हे बघताना माणसाचा चेहरा थोडा रिकामा होतो, तसा त्यांचा झाला होता.

“आता काय करायचं?” त्यांनी विचारलं. कुणाला विचारलं ते कळलं नाही.

सासूबाईंनी ब्रेक सोडला. “आता वर जायचं आणि कुंड्या उतरवायच्या,” त्या म्हणाल्या. “मोठ्या तुम्ही घ्या. जावईबापूंना झेपत नाहीत.”